तेयझेच्या ठेल्यासमोरची बस

जर्मनीत तुर्की खाणं चांगलं कुठं मिळतं, हे मला बारामतीत आजवर एकाही माणसानं विचारलेलं नाही. विचारतात ते एकच. "ताई, तिकडं आपलं जेवण मिळतं का?"

हल्ली दर दोन-चार महिन्यांनी ओळखीतलं कुणी ना कुणी जर्मनीला निघतं. कुणाची मुलगी नर्सिंगला, कुणाचा मुलगा इंजिनिअरिंगला. पोरं क्लास लावून जर्मन शिकतात, व्हिसासाठी मुंबईच्या चकरा मारतात आणि निघायच्या आधी आईबाप त्यांना घेऊन माझ्याकडं येतात, कारण मी तिकडं चार वर्षं काढून आलेली. मी चहा टाकते. चहाला उकळी फुटायच्या आत तो प्रश्न येतो. मग बॅगेचं वजन निघतं. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, कुरडया, लसणाचं तिखट, छोटा कुकर. एका माउलीनं तर खलबत्ता विमानात चालतो का म्हणून विचारलं होतं. पोराला तिथं घर कसं मिळेल, थंडीत मन कसं रमेल, एकटं पडलं तर कुणाशी बोलेल, यातलं काहीही कुणी विचारत नाही. माझं डोकं फिरतं. एवढ्या लांब लेकराला पाठवताय ते काय घरचंच ताट पुढ्यात घेऊन बसायला?

तरी मी सांगते. कुणी विचारो न विचारो, मी सांगतेच, आता तो माझा हट्टच झालाय.

मी म्हणते, जर्मनीतल्या कुठल्याही मोठ्या शहरात गेलात की ऑफिसातला जर्मन माणूस तुम्हाला हळूच सांगेल, स्टेशनच्या आसपासच्या अमक्या रस्त्याला जाऊ नका, तिथलं वातावरण चांगलं नाही. त्याच रस्त्याला जायचं, चांगलं तुर्की खाणं तिथंच मिळतं. फ्रँकफुर्टला म्युनशेनर स्ट्रासे, हँबुर्गला श्टाइनडाम, म्युनिकला स्टेशनच्या दक्षिणेकडच्या गल्ल्या. कोलोनला स्टेशनपासून थोडं चालून वायडनगासे नावाची गल्ली आहे, तिथं कोळशावर मांस भाजतात आणि धुरानं कपड्यांना वास लागतो, तो लागू द्यायचा. माझ्या कामाच्या फेऱ्या डुइसबुर्गला असायच्या. तिथं मार्क्सलोह भागात एका रस्त्यावर नवरीच्या झग्यांची दुकानंच दुकानं आहेत आणि मधूनमधून सूप विकणारे बसलेत. लग्नाच्या खरेदीनं दमलेल्या बायका पोराबाळांसकट तिथं सूप पीत असतात. मानहाइमला मधल्या शहरात रस्त्यांना नावंच नाहीत, चौकोनांना अक्षर आणि आकडा आहे. तिथं पत्ता शोधत बसू नका, बाजारचौकात उभं राहून नाकानं शोधा.

डोनर, म्हणजे सळईवर भाजलेल्या मांसाचे काप पावात भरून देतात तो, घ्यायचा असेल तर फिरणाऱ्या सळईकडं आधी बघा. मांसाचे थर वेगळे दिसले पाहिजेत. साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत दिसलं तर पुढं चला. बहुतेक ठिकाणी तो गाईवासराचा असतो. तो नको असेल तर कोंबडीचा मागा, 'हेन्शेन' एवढा शब्द पाठ करा, कुणी तुम्हाला हसणार नाही. आणि शाकाहारी असाल तर उपाशी मरण्याचं नाटक करू नका. मसुराचं सूप मिळतं, वर लिंबू पिळायचं आणि वाळलेला पुदिना भुरभुरायचा. 'चि कोफ्ते' म्हणून एक प्रकार आहे, लाल मिरचीच्या वाटणात दलिया मळून मळून करतात. जर्मनीतल्या दुकानांत त्यात मांस नसतं. तिखट खाणाऱ्या माणसाला तो पहिल्या घासाला आपला वाटतो. आयरान म्हणजे खारं ताक. तीळ लावलेली पावाची कुरकुरीत कडी मिळतात, सिमित म्हणतात त्यांना, एक हातात धरून चालत चालत ऑफिसला जाता येतं.

एवढं सगळं ऐकून घेऊन आई म्हणते, "ते हाय वो. पण इंडियन हाटेल कुठं हाय?"

त्या बाईवर मी खेकसते आणि नंतर मला वाटतं की हिचा काय दोष. माझा राग जुना आहे. तो एका बसवरचा आहे, आणि त्या बसमध्ये माझे वडील बसलेले होते.

बर्लिनला मी पुण्यातल्या एका कंपनीकडून गेले होते, यंत्रांच्या डिझाइनच्या कामाला. खोली मिळाली ती नॉयकोल्नमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेली. तळमजल्यावर एक तुर्की बाई राहायची. साठीच्या पुढची, ठेंगणी, दोन्ही गुडघे गेलेले, तोंडानं फटकळ. सगळी इमारत तिला तेयझे म्हणायची. तेयझे म्हणजे मावशी. मीही म्हणायला लागले. कालव्याकाठी मंगळवारी आणि शुक्रवारी बाजार भरतो, तिथं तिचा ठेला होता. कालवा म्हणजे साधारण आपल्या नीरेच्या कालव्याएवढाच, फक्त तिथं रात्रीत पाणी चोरायला कुणी मोटर टाकत नाही. काठानं भाजीवाले, कापडवाले, ऑलिव्हच्या परातीच्या पराती, आणि पुलाजवळ तेयझे. ती ग्योझलेमे करायची. लांब बारीक लाटण्यानं कणीक एवढी पातळ लाटायची की खालचा ओटा दिसावा. त्यात पालक आणि चीज, नाहीतर बटाटा, घडी घालायची, उपड्या तव्यावर टाकायची आणि वरून लोणी फिरवायचं. मांस ती ठेल्यावर आणतच नव्हती. तिचं म्हणणं, मांस विकणारे पुष्कळ आहेत, मला गर्दी नको.

दुसऱ्या हिवाळ्यात मी बर्फावरून घसरले आणि पायाचं हाड मोडलं. प्लास्टर घालून तिसऱ्या मजल्यावर पडले. बर्लिनमधल्या मराठी लोकांच्या ग्रुपवर मी कळवलं. फुलांची, गणपतीची, लवकर बरे व्हा अशी चित्रं धडाधड आली. एकानं हळदीचं दूध घ्या म्हणून लिहिलं. दूध कोण आणून देणार होतं? वर चढून आली ती तेयझे. गुडघे धरत, प्रत्येक मजल्यावर थांबत, मला ऐकू येईल अशा आवाजात जिन्याला शिव्या देत. हातात डब्यात सूप, रुमालात गुंडाळलेल्या पोळ्या. पाय बरा होईपर्यंत ती येत राहिली. मला उठता येत नव्हतं तेव्हा माझे केस तिनं विंचरले. मला आई नाही, ती मी शाळेत असतानाच गेली. त्यामुळं केसांवरून कंगवा फिरला तेव्हा मी खूप रडले आणि तिनं मला रडल्याबद्दल झापलं.

त्या दिवसांत एकदा आबांचा व्हिडिओ कॉल आला. आबा म्हणजे माझे वडील. भवानीनगरजवळ आमची शेती, ऊस कारखान्याला जातो, आबांचा सगळा जन्म त्यातच गेला. फोनवर तेयझेला बघून त्यांनी हात जोडले. मराठी तिला येत नव्हती, पण हात जोडणं कळलं, तिनंही जोडले. मग आबा मला म्हणाले, "तिला सांग, पोरीला जपलं, लई उपकार झालं. तितं आल्यावर पयल्यांदा तिच्या हातचं जेवीन, मग बाकीचं बघीन." मी ते तिला माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं. ती म्हणाली, "ये म्हणावं. जेवल्याशिवाय सोडणार नाही." त्यानंतर जिन्यात भेटली की ती विचारायची, तुझे वडील कधी येणार? ती हे सहज विचारत नव्हती. एखाद्या पाहुण्याची खरोखर वाट बघावी तशी विचारत होती.

आबा आले, पण एकटे नाही. आपल्याकडं शेतकऱ्यांचे अभ्यास दौरे निघतात. परदेशात शेतीचं प्रदर्शन बघायला म्हणून बसभर माणसं जातात. इस्राएल, हॉलंड, जर्मनी. बरोबर आचारी असतो, त्याचे मसाले, चटण्या, पिठाची पोती असतात. दौऱ्यात गेलेला माणूस जग बघून येतो आणि एकही दिवस मटकीची उसळ चुकवत नाही. आबांचा दौरा बारामती, इंदापूर आणि मोरगावकडच्या बागायतदारांनी मिळून काढलेला होता. म्होरके होते एक तात्या, द्राक्षाचे मोठे बागायतदार, मोठ्या आवाजाचा माणूस. हानोवरचं प्रदर्शन झाल्यावर दोन दिवस बर्लिन होतं. आबांनी तात्यांच्या कानावर घातलं, तात्यांनी मला फोन केला. "ताई, तुमची ती पोळीवाली बाय हाय म्हणं. मंगळवारी दुपारी समद्यांनाच घिऊन येतो. तितलं बी खाऊन बगू."

मी नको म्हणायला हवं होतं असं मला वाटत नाही. आजही वाटत नाही. त्यांनी मागून घेतलं होतं, मी काही गळ घातली नव्हती. तेयझेला सांगितलं तर तिचे डोळे चमकले. बसभर माणसं! मी सांगितलं की यातले बरेच जण मांस खातात पण गाईचं चालत नाही, आणि काही जण अगदीच शुद्ध शाकाहारी आहेत. ती म्हणाली, माझ्याकडं मांस येतं कुठं? मग थोडा विचार करून तिनं नवं लाटणं आणलं. म्हणाली, पाहुण्यांना शंका नको. आदल्या दिवशी पालक निवडायला मी खाली बसले होते, तिच्या स्वयंपाकघरात पालकाचा ढीग कंबरेएवढा झाला होता.

मंगळवारी दुपारी बस पुलाजवळ येऊन थांबली. थंडी मी म्हणत होती. दार उघडलं आणि तात्या एकटेच खाली उतरले, कानटोपी, मफलर, वर जाकीट.

"ताई, घोटाळा झाला. आज अंगारकी हाय."

मोरगावकडच्या माणसाला अंगारकी सोडा म्हणणं म्हणजे काय, ते मला कळतं. ज्यांच्या गावातच मयूरेश्वर आहे त्यांनी अंगारकी धरावी, त्यांच्यापुढं मी हात जोडते. ते पाचसहा जण होते. बाकीच्यांचं काय? सकाळी मी हॉटेलवर गेले होते. याच बागायतदारांना मी नाश्त्याला अंडी फोडताना बघितलं होतं. एक जण तर आम्लेट कसं मागायचं ते मला विचारून गेला होता. आता सगळी बस उपाशी होती. तात्या म्हणाले, "एकानं धरली की समद्यांनी धरायची, असं ठरलं." कधी ठरलं? अंडं पोटात गेल्यावर?

मला तेयझेकडं जाऊन हे सांगावं लागलं. वाटलं होतं चिडेल. ती उलट म्हणाली, "उपवास? मग त्यात काय? मी रमजानला करते की. कधी सोडतात?" म्हटलं, चंद्र उगवल्यावर. ती म्हणाली, "मग चंद्र उगवल्यावर या. मी थांबते." एवढं साधं होतं ते तिच्यासाठी. जिला आयुष्यभर चंद्र बघून उपवास धरायची आणि सोडायची सवय, तिला आणखी काय समजावून सांगायचं होतं? मी तात्यांना सांगितलं, ती थांबते म्हणाली, तुम्ही तोवर शहर बघून या.

तात्यांनी बसमध्ये चढून मोठ्यानं विचारलं, "काय मंडळी, चंद्रोदयाला हितं यायाचं का?"

"व्हय व्हय," सगळी बस म्हणाली. त्यात आबांचा आवाजही होता. मला तो ओळखू आला.

बस दुपारभर ब्रांडेनबुर्गचं दार, भिंतीचे उरलेले तुकडे असं हिंडून अंधार पडता पडता परत आली. बाजार आवरायला लागला होता. भाजीवाले उरलेला माल ओरडून विकत होते. तेयझेनं दुपारभर थोडीच गिऱ्हाइकं केली होती. कणकेचे गोळे ओल्या फडक्याखाली मांडून ठेवले होते. ओट्याच्या कोपऱ्यावर बशीत खजूर होता. म्हणाली, आमच्यात उपवास खजुरानं सोडतात, तुमच्यात काय लागतं ते मला ठाऊक नाही, म्हणून आपला ठेवला. आभाळ गच्च होतं, चंद्र काय, दिवे सोडून काही दिसत नव्हतं. मला धाकधूक, की आता हे म्हणतात चंद्र दिसल्याशिवाय नाही.

तेवढ्यात बसमधून गलका ऐकू आला. कुणाच्या तरी घरून फोन आला होता. बारामतीत चंद्र दिसला. तिकडं रात्र झाली होती. बायकोनं दारात येऊन चंद्र बघितला, नैवेद्य दाखवला आणि फोनवरून नवऱ्याला कळवलं. बसमध्ये एकच जल्लोष. "मोरया!" तात्या म्हणत होते, "आपला चंद्र धरायचा, हितला न्हाय." मी मनातल्या मनात त्या बाईला दुवा दिला. चंद्राची अडचण सुटली होती. मी तेयझेला हात केला आणि तिनं पहिला गोळा ओट्यावर घेतला.

पण बसचं दार उघडलं नाही. आतले दिवे लागले. मी बाहेरून बघत होते, आणि खिडक्या खिडक्यांतून डबे निघाले.

मी दारावर थापा मारल्या. ड्रायव्हरनं उघडलं. चढले तर ठेच्याचा आणि मटकीचा वास. आचारी पुढून मागं मोदक वाटत होता, तळणीचे, सकाळीच हॉटेलात करून आणलेले. म्हणजे सकाळीच! सकाळपासून ठरलेलं होतं हे.

"तात्या, ती थांबलीय," मी म्हटलं.

"आवो ताई, आता हितंच उरकतो. परमुलुखात पोटं बिघडली तर कुठं दवाखाने धुंडाळायचे?"

"तुमी व्हय म्हणालात दुपारी."

"ते म्हणायचं असतं वो. बाईमाणसाचं मन कशाला मोडा?" मग आवाज खाली आणून, जणू माझ्यावर मेहेरबानी करत असल्यासारखे म्हणाले, "आन् तवा त्योच असणार की. ह्यांचं समदं गाईचं."

मी सांगितलं की तवा तो नाही, गाय नाही, लाटणंसुद्धा नवं आहे. कुणी ऐकत नव्हतं. समोरचा माणूस चपातीचा तुकडा मोडून ठेच्याला लावत होता, इतकं मन लावून की मी तिथं नव्हतेच. मला भांडायचं असतं तर मी तात्यांशी भांडले असते. पण मला तात्यांचं काही पडलेलं नव्हतं. मी मागं गेले.

आबा शेवटून दुसऱ्या बाकावर, खिडकीशी होते. मांडीवर डबा. झाकण काढलेलं, अजून खाल्लेलं नव्हतं.

"आबा, चला."

त्यांनी वर बघितलं आणि लगेच शेजारच्या माणसाकडं बघितलं. "पोरी, चार माणसांत बरं दिसतं का एकट्यानं उतरणं?"

"तुमी शब्द दिला हुता तिला."

"दिला हुता. पर अंगारकी हाय आज."

"सुटली अंगारकी. चंद्र निघाला की."

आबा डब्याच्या कडेवरून बोट फिरवत बसले. मग म्हणाले, "तिला सांग, पोट बरं न्हाय म्हणं माझं."

ज्या माणसानं वालचंदनगरला फिटर मित्राच्या घरी दर ईदला दोन दोन वाट्या शीरखुर्मा खाल्लाय, मला मांडीवर घेऊन मलाही भरवलाय, तो माणूस हे म्हणत होता. त्यांना कसला विटाळ नव्हता, कसली किळस नव्हती. असती तर मी एक वेळ समजून घेतलं असतं. त्यांना फक्त शेजारच्या बाकावरच्या माणसाची भीती होती. गावाकडं परत गेल्यावर पारावर कोण काय बोलेल याची. त्यासाठी त्यांनी, माझ्या बापानं, मी प्लास्टरमध्ये पडलेली असताना तीन मजले चढणारी बाई बाहेर थंडीत उभी ठेवली. शेजारच्यानं तेवढ्यात त्यांच्या डब्यात एक मोदक ठेवला. आबा म्हणाले, "तू बी बस की, दोन घास खा."

मी उतरले. रागानं माझे कान तापले होते.

बस आतून लख्ख उजळलेली आणि बाहेर अंधार. ठेल्यावरून प्रत्येक माणूस स्पष्ट दिसत होता, प्रत्येकाच्या हातातला घास दिसत होता. तेयझे लाटणं हातात धरून बघत होती. मी काय सांगणार? ती म्हणाली, "तो खिडकीतला तुझा बाप ना?" फोनवर पाहिलेला चेहरा तिनं ओळखला होता. तिनं लाटणं खाली ठेवलं, पिठाचे हात पुसले आणि खिडकीकडं बघून हात जोडले. आबांनी ते बघितलं. मी शपथेवर सांगते, बघितलं. आणि त्यांनी पडदा ओढला.

मग मात्र ती भडकली. माझ्यावरच भडकली, दुसरं होतं कोण? "खायचं नसेल तर नका खाऊ! मी काय जबरदस्ती करते? पण मग हो कशाला म्हणता? दुपारी नाही म्हणाला असतात तर मी विकून घरी गेले असते!" ती तुर्कीत गेली, मग परत जर्मनमध्ये आली. मला त्यातलं निम्मंच कळत होतं, पण चूक एकही शब्द नव्हता. शेजारचा ऑलिव्हवाला मध्ये पडायला आला तर त्यालाही झापलं. मग शांत झाली, पहिली पोळी तव्यावरून काढली, माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तू खा. थंड व्हायच्या आत खा." मी खाल्ली. बस निघाली तेव्हाही मी खातच होते. राहिलेली कणीक तिनं लाटून येणाऱ्याजाणाऱ्याला फुकट वाटली, घरी नेली नाही.

पुढच्या वर्षी तिचे गुडघे पारच गेले. ठेला बंद केला आणि ती मुलाकडं दुसऱ्या गावी राहायला गेली. जाताना मला मिठी मारली, आबांबद्दल चकार शब्द काढला नाही. तिनं काढला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यानंतर माझंही काम संपलं आणि मी बारामतीला आले.

इकडं येऊन बघते तर इंदापूरच्या चौकात त्या दौऱ्याचा जुना फ्लेक्स अजून एका दुकानाच्या मागं लटकत होता. युरोप अभ्यास दौरा यशस्वी. सगळे गॉगल घालून, मागं ब्रांडेनबुर्गचं दार, मधे तात्या. कसला अभ्यास आणि कसलं यश! आबांशी मी या विषयावर कधी बोलले नाही. तेही बोलले नाहीत. मी रविवारी भवानीनगरला जाते, त्यांच्या गोळ्या बघते, उसाचं बोलते, जेवून परत येते. लोकांना वाटतं, लेक बापाला किती धरून आहे.

गेल्या महिन्यात अशीच गेले होते. शेजारच्या वस्तीवरचं एक जोडपं मुलीला घेऊन आलं होतं. मुलगी नर्स, बर्लिनला निघाली होती. मी आत चहा करत होते. ओसरीवर आबा खुर्चीत बसलेले, खुशीत होते. मुलीनं त्यांनाच विचारलं, "आजोबा, तुमी गेलता न्हवं तिकडं? खायला काय चांगलं मिळतं?"

"आगं, लई मिळतं," आबा म्हणाले. "तितं कालव्याच्या कडंला मंगळवारचा बाजार भरतो. एक तुर्की बाय हुती, आमच्या हिला लेकीवानी जपलं तिनं. पोळी लाटायची, आरपार दिसंल अशी. आमी बस घिऊन गेलतो समदी. तिनं तव्यावरची गरम गरम वाढली. अशी मऊ आन् गोड, काय सांगू तुला. अजून चव हाय तोंडात."

मी कपांचा ट्रे घेऊन दारात उभी होते.

"गोड नसती ती, आबा," मी म्हटलं.

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. आबांनी बघितलं नाही. मला थांबता आलं असतं, पाहुणे होते. मी थांबले नाही.

"तुमाला काय ठावं ती कशी असती? तुमी बसमधनं उतरलाच न्हाय."

मुलीच्या आईनं पदर सावरला. बाप गोठ्याकडं बघायला लागला. मी ट्रे खाली ठेवला आणि एकेकाला कप दिला. आबांनी त्यांचा कप घेतला, पण प्यायले नाहीत. मग मान वर न करता, अगदी हळू, मलाच म्हणाले,

"मग कशी असती?"

मी त्या मुलीकडं वळले. तिला बाजाराचे वार सांगितले, कुठल्या पुलापाशी उतरायचं ते सांगितलं, तेयझे नसली तरी तिथं ग्योझलेमे करणारं दुसरं कुणी असेल, पालकाची माग, वर लोणी लावायला सांग, गरम असतानाच खा म्हणून सांगितलं. आबा कान देऊन ऐकत होते. चव कशी असते, तेवढं मी सांगितलं नाही.